तीन कललेल्या रेघा

३ नोव्हेंबर

प्रिय खारुताई,

आशीर्वाद नेहमीचे, खोकला नेहमीचा, बाकी सगळं ठीक. तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांची चिठ्ठी नुसती फ्रीजवर चिकटवून ठेवली आहेस? मी तुला चांगला ओळखतो.

तुझी वहिनी मघापासून म्हणतेय, "अहो, फोन करा की. सत्तरीला कसली पत्रं लिहीत बसता?" तिला काय सांगू? फोनवर मी 'दुकान' एवढं नुसतं म्हटलं तरी तुझ्या दारावर कुणीतरी येतं, नाहीतर दूध उतू जातं. सेहेचाळीस वर्षांत तुझ्याकडे इतकं दूध उतू गेलंय की एखादी गल्ली वाहून गेली असती. पत्राचं बरं असतं. फार तर बाजूला ठेवता येतं, आपटता येत नाही.

तर दुकानाची बातमी आधीच सांगून टाकतो. वर्षअखेरीला बंद करतोय. उजवा हात थरथरायला लागलाय. कपबशी धरायला काही अडत नाही, पण केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरायची म्हणजे हात स्थिर लागतो, तो आता राहिला नाही. गेल्या महिन्यात एक स्क्रू उडाला आणि मी दोन तास जमिनीवर रांगत होतो. वहिनीने दारातून बघितलं आणि परत गेली. तू असतीस तर दोन मिनिटांत सापडला असता. लहानपणी दुकानात हरवलेला प्रत्येक स्क्रू तुझ्या फ्रॉकच्या खिशातच निघायचा, म्हणून तर तू खारुताई.

दुकान बंद व्हायच्या आत तू एकदा यावंस असं फार वाटतं. घरी येतेस तशी नाही. घरी तू मागच्या जिन्याने येतेस आणि मागच्या जिन्याने जातेस. मी दुकानाच्या पुढच्या दाराबद्दल बोलतोय. तू ते दार का ओलांडत नाहीस ते मला माहीत आहे, आणि त्याबद्दल मला तुला काही सांगायचंही आहे. पण ते या पत्रात नको. आधी एक गंमत ऐक.

आपला चुलतभाऊ मोजणीदादा सध्या घराण्याची वंशावळ काढतोय. जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण मोजायची हौस काही फिटलेली नाही. आता काका-पुतण्यांची मोजणी चाललीय. मला त्याने फर्मावलं, "दुकानाची फांदी तुझ्याकडे. नाव, जन्म, मृत्यू, व्यवसाय. चार चौकटी आहेत, दहा मिनिटांचं काम आहे."

चारच चौकटी. पणजोबा, आजोबा, बाबा, मी. मी पेन उघडलं आणि तेवढ्यात दवाखान्यातल्या एक नर्सबाई आल्या. त्यांच्याकडे एक खिशातलं घड्याळ होतं, आजोळहून आलेलं, बरीच वर्षं बंद पडलेलं. मी पाठीचं झाकण उघडलं आणि सवयीने आधी आतली बाजू पाहिली. तुला सांगायला नको, पण लिहिताना मलाच बरं वाटतं म्हणून लिहितो: दुरुस्ती झाली की आपल्याकडे झाकणाच्या आत कोरणीने आपली खूण करायची आणि खाली तारीख. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही. दिसते ती फक्त पुढे कधीतरी ते घड्याळ उघडणाऱ्याला. पणजोबांचा गोल, आजोबांची फुली, बाबांच्या दोन उभ्या रेघा, माझा त्रिकोण.

या घड्याळात डावीकडे कललेल्या तीन रेघा होत्या.

आठवलं? "आजोबांची डावी खूण". उजव्या हाताला इजा झाली होती तेव्हा आजोबा काही दिवस डाव्या हाताने काम करायचे, म्हणून रेघा अशा कललेल्या, असं बाबा सांगायचे. एखाद्या घड्याळात एकाच तारखेला फुलीही असायची आणि तीन रेघाही. तेव्हा बाबा म्हणायचे, "दोन्ही हात वापरले, म्हणून दोन्ही खुणा." आपण माना डोलावल्या. मी तर माझ्याकडे शिकायला आलेल्या तिघाचौघांनाही हेच ठासून सांगितलं.

पण या रेघांच्या खाली तारीख होती १९०२ ची. आणि माझ्या समोरच्या कागदावर, मोजणीदादाच्या चौकटीत, मी नुकतंच आजोबांचं जन्मवर्ष लिहिलं होतं, १८९६.

सहा वर्षांचा मुलगा, डाव्या हाताने, खिशातलं घड्याळ!

मी नर्सबाईंना म्हटलं, घड्याळाला वेळ लागेल. त्या म्हणाल्या, "लागू दे, साठ वर्षं बंदच आहे." चांगली बाई. आता मला झोप नाही. तुलाही लागू नये म्हणून कळवतोय.

तुझा,
दादा

ता.क. डावखुरेपणा तुझ्यात आईकडून आला म्हणून आपण मामांना किती वर्षं चिडवलं! बहुतेक त्यांची माफी मागावी लागणार.


१९ नोव्हेंबर

प्रिय खारुताई,

तुझं पत्र पोचलं. एकूण सहा ओळी. त्यातल्या पाच गुडघ्यावर. सहावी: "मग ती खूण कुणाची?"

ही सहावी ओळ मी वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "वन्सं विचारतायत? दुकानाबद्दल? स्वतःहून?" आणि डोळे पुसत आत गेली. मग आतून ओरडली, "कांदा चिरतेय!" कांदा बाहेर टेबलावर होता. असो.

मी कोट चढवला आणि नोंदणी कार्यालयात गेलो. तिथे जुन्या नोंदी एका बाई सांभाळतात. चष्मा गळ्यात, पेन केसात, आणि दोन्ही दिवसभर शोधत असतात. मी म्हटलं, १८९६ च्या आधी घड्याळदुरुस्तीवाल्याच्या घरी झालेले जन्म पाहायचे आहेत.

त्या म्हणाल्या, "काका, सव्वाशे वर्षांपूर्वीचं बाळ तुम्हाला आजच पाहिजे का?"

"आज नको, पण मी आहे तोवर मिळालं तर बरं."

त्यांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ पावणेचारवर थांबलेलं होतं. तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हटलं, तुम्ही बाळ शोधा, तोवर मी हे बघतो. स्टुलावर चढलो. (वहिनीला सांगू नकोस.) भिंतीवरची घड्याळं मला अजून जमतात, त्यांचे भाग मोठे असतात. एकमेकांना मदत केली की कामं होतात. मी घड्याळ चालू केलं आणि त्यांनी १८८९ ची चोपडी आणून टेबलावर ठेवली.

सापडली. पणजोबांचं पहिलं अपत्य. आजोबांच्या आधी सात वर्षं. नावाच्या रकान्यात फक्त 'मुलगी'.

"नाव?" मी विचारलं.

"तेव्हा पुष्कळदा लिहायचेच नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलाचं नाव सांगायला लोक परत यायचे. मुलीचं सांगायला कोण येतंय?"

मग त्यांनाच चेव चढला. जेवणाची सुट्टी सोडून त्यांनी मृत्यूच्या चोपड्या काढल्या. १९११. वय बावीस. कारण ताप. अविवाहित. नाव इथेही नाही, 'घड्याळवाल्याची मुलगी' एवढंच. पण व्यवसायाचा रकाना बघ. तिथे कारकुनाने आधी 'काही नाही' लिहिलंय. मग ते खोडलंय. आणि त्याच्यावर, जागा पुरत नाही म्हणून बारीक अक्षरात, लिहिलंय: 'घड्याळे दुरुस्त करणे'.

बाई भिंग घेऊन पाहत राहिल्या. म्हणाल्या, "माझ्या चोवीस वर्षांच्या नोकरीत त्या काळातल्या बाईपुढे असं लिहिलेलं पाहिलं नाही. कुणीतरी कारकुनाशी हुज्जत घातलेली दिसतेय."

शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याची माहिती होती. 'भाऊ. वय १५.'

आपले आजोबा, खारे. दहा शब्द बोलायचे झाले तर पाच गिळणारे आपले आजोबा. पंधरा वर्षांचे, बहीण गेलेली, आणि तिथे उभं राहून कारकुनाला 'काही नाही' खोडायला लावलं. त्या बाईंच्या टेबलाशी मी चक्क रडलो. त्यांनी पाणी दिलं आणि म्हणाल्या, इथे लोक रडतात, पण शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसासाठी तुम्ही पहिलेच.

घरी आलो आणि खुणांची वही काढली. तीच, बाबांनी सुरू केलेली. दुकानात जे घड्याळ उघडेल त्यातल्या जुन्या खुणा आणि तारखा उतरवून ठेवायच्या, हा त्यांचा नियम. पहिली तीस-चाळीस पानं तुझ्या अक्षरात आहेत. चौदा-पंधरा वर्षांची असशील. एका पानावर समासात लिहिलंयस, "दादाने आज पुन्हा काच फोडली." ते पान मी फाडणार होतो, मग राहू दिलं.

सगळ्या तारखा एका कागदावर क्रमाने मांडल्या. हे मी आधी का केलं नाही? कुणीच का केलं नाही? पणजोबांचा गोल १९०३ नंतर एकदाही नाही. ते शेवटी आंधळे झाले होते हे आपण सगळे जाणून होतो, पण कधीपासून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आजोबांची पहिली फुली १९०९ ची. मधली सहा वर्षं? नुसत्या तीन रेघा. पानांमागून पानं, तीन रेघा. दुकान ती एकटी चालवत होती. चौदाव्या वर्षापासून. आणि आजोबांना शिकवलं कुणी? न दिसणाऱ्या बापाने? शक्यच नाही. आपल्या घरातलं हे काम तिच्या हातून आलंय.

आता खरी गोष्ट. ती गेली १९११ ला. पण वहीत तीन रेघा त्यानंतरही आहेत. १९१४, १९२०, १९३३, अगदी १९५२ पर्यंत. एक दिवस मला वाटलं, झालं, माझा सगळा शोध पाण्यात गेला. मग दिसलं. १९११ नंतर त्या रेघा एकट्या कधीच नाहीत. नेहमी आजोबांच्या फुलीशेजारी. आणि अशा प्रत्येक घड्याळात आणखी एक जुनी तीन रेघांची खूण आहे, ती जिवंत असतानाची. म्हणजे तिने उघडलेलं घड्याळ पुन्हा दुरुस्तीला आलं की आजोबा आपली खूण करायचे आणि शेजारी तिचीही करायचे. एकेचाळीस वर्षं. कुणाला सांगितलं नाही. बाबांनी विचारलं असणार, तेव्हा 'डावा हात' म्हणून वेळ मारून नेली.

मोजणीदादाला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "छान आहे रे, पण लग्न नाही, मूल नाही. झाडावर तिला लटकवू कुठे?"

मी म्हटलं, "आजोबांच्या वर."

"वर बाप असतो."

"बाप असतो आणि गुरू असतो. तू रेघ काढ, कशी काढायची ते मोजणीवाल्याला मी सांगायचं का?"

फोन ठेवला त्याने. तासाभराने परत केला. म्हणाला, "तुटक रेघ चालेल का?" मी म्हटलं चालेल. मनाने वाईट नाही तो.

मला मात्र एक गोष्ट टोचत राहिली आहे. ती या पत्रात सांगणार होतो, पण पानं संपली. म्हणजे पानं आहेत ड्रॉवरमध्ये. पण संपली असं समज.

तुझा,
दादा


२ डिसेंबर

प्रिय खारुताई,

तुझं मोठं पत्र आलं. चार पानं, आणि गुडघ्यावर एक शब्द नाही. दुकानात बसून वाचलं, मग दाराला 'बंद' ची पाटी लावून पुन्हा वाचलं. तिसऱ्या पानावर तू लिहिलंस:

"ती नशीबवान होती, दादा. तिच्या बापाने तिला टेबलापाशी बसू दिलं, ती मेल्यावरही भावाने तिची खूण जपली. माझ्या बापाने माझी एकच खूण होती तीही पुसली."

सेहेचाळीस वर्षांत तू हे पहिल्यांदा बोललीस. म्हणजे त्या दिवसानंतर पहिल्यांदा. आता मला गप्प बसता येणार नाही.

आधी ते नर्सबाईंचं घड्याळ. तुझं पत्र वाचून झाल्यावर हाताला काहीतरी चाळा हवा होता म्हणून ते पुन्हा उघडलं आणि १९०२ च्या रेघा नीट भिंगाखाली धरल्या. कोरणी टेकते तिथे रेघ खोल, सुटते तिथे उथळ, हे तुला मीच शिकवलं असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर तू मला शिकवलंस. तिच्या बाकीच्या खुणा डाव्या हाताच्या आहेत. या तीन रेघा उजव्या हाताने ओढलेल्या आहेत. आणि त्या थरथरत्या आहेत, मधली रेघ शेजारच्या रेघेवर चढलीय. ज्याला नीट दिसत नाही अशा माणसाने ओढलेल्या.

ही तिची पहिली खूण आहे. आणि आपल्याकडचा रिवाज तुला ठाऊकच आहे, पहिली खूण बापाच्या हातची. तेरा वर्षांच्या मुलीला पणजोबांनी स्वतःच्या हाताने खूण दिली, तिच्या हाताला येईल तशी, डावीकडे कललेली.

बाबांनीही तुला दिली असती.

हे वाक्य लिहून मी दोनदा उठलो. आता बसून सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही.

दातांच्या डॉक्टरांचं ते घड्याळ. आतलं तोलचक्र ज्यावर झुलतं तो बारीक आस मोडलेला, तसा नवा कुठे मिळत नव्हता, आणि बाबांनी हात टेकले होते. मग बाबा ऑपरेशनला दहा दिवस दवाखान्यात होते. तू शिवणाच्या सुया घेतल्यास, तीन दिवस लेथपाशी बसलीस. अकरा सुया मोडल्या. बारावीतून आस घडवलास. मी शेजारी बसून होतो आणि मला कळत होतं की हे मला जन्मात जमणार नाही. घड्याळ चाललं. बाबांनी अजून खूण दिली नव्हती तरी तू झाकणात आपली आपण खूण केलीस, अर्धगोल आणि त्यात टिंब. मग घाबरलीस. मला म्हणालीस, "दादा, बाबांना तूच सांग. मी केलं म्हणून सांग. मला भीती वाटते."

बाबा घरी यायच्या दिवशी सकाळी ती खूण मी पुसली.

बाबांनी नाही. मी. पॉलिशच्या चाकावर धरून, मिनिटभरही लागलं नाही. आणि बाबा आल्यावर घड्याळ त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "बाबा, मी केलं."

मी चोवीस वर्षांचा होतो. बाबांनी मला कधी शाबास म्हटलं नव्हतं. म्हणण्यासारखं मी काही केलंही नव्हतं, काचाच फोडत होतो. त्या दिवशी त्यांनी मला जवळ घेतलं, घड्याळ न्यायला आलेल्या डॉक्टरांसमोर म्हणाले, "आता मी निर्धास्त." आणि कोरणी घेऊन झाकणात माझी पहिली खूण दिली. त्रिकोण. त्यांच्या हातचा.

पंधरा दिवसांनी डॉक्टर साखळी बदलायला आले तेव्हा तू झाकण उघडलंस. चकचकीत घासलेली जागा पाहिलीस, शेजारी बाबांच्या हाताने कोरलेला माझा त्रिकोण पाहिलास. हात तू बरोबर ओळखलास. दुसऱ्या कुणाला तो ओळखूच आला नसता. आणि हात ओळखल्यामुळेच तुझी समजूत झाली की पुसलंही त्याच हाताने. तू वर माझ्याकडे आलीस, रडत. "बाबांनी पुसली रे. मी न विचारता केली म्हणून पुसली."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "जाऊ दे. त्यांचा स्वभावच तसा आहे."

खोटं एकदा बोललो होतो ते बाबांशी. हे दुसरं, आणि हे जास्त वाईट.

महिन्याभरात तू टेलिफोन ऑफिसात लागलीस. बाबांना वाटलं, टेबल मुलाला दिलं म्हणून मुलगी रुसली. त्यांनी तुला विचारलं नाही, तू त्यांना विचारलं नाहीस. आपल्या घराची रीतच ती. घड्याळ उघडून पाहतील, माणसाला विचारणार नाहीत.

पुढच्या वर्षी ते घड्याळ सफाईला आलं. मी बाहेर गेलो होतो. परत आलो तर बाबा भिंग डोळ्याला लावून बसले होते. तुझा अर्धगोल पुरता गेला नव्हता. त्यांनी मला जवळ बोलावलं, भिंग दिलं, म्हणाले, "बघ." मी बघितलं. बाबांनी भिंग परत घेतलं. मग म्हणाले, "तिला तू सांगायचं. मी सांगितलं तर तिचा बाप परत मिळेल पण भाऊ जाईल. तू स्वतःहून सांगितलंस तर कदाचित दोघेही राहू. आणि सांग की तिची खूण मी देणार आहे, तिने यावं."

मी हो म्हणालो. आज सांगतो, उद्या सांगतो. तुझं लग्न झालं, मुलं झाली. सगळं इतकं छान चाललं होतं, तू माझ्यावर इतकी माया करत होतीस. वहिनीच्या आजारपणात तू महिनाभर येऊन राहिलीस. कुठल्या दिवशी सांगणार होतो?

आता शेवटचं. हे मी वहिनीलाही सांगितलेलं नाही.

बाबांच्या शेवटच्या आठवड्यात तू आली होतीस. सगळं केलंस त्यांचं. भरवलंस, कूस बदललीस, औषधं दिलीस. कोरडेपणाने केलंस असं नाही, पण जेवढ्यास तेवढं बोलायचीस. एका दुपारी तू औषध आणायला खाली गेलीस तेव्हा बाबांनी मला विचारलं, "तिला सांगितलं होतंस ना?"

मी म्हणालो, "हो बाबा. कधीच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "सगळं कळूनही ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे माझंच दुसरं काहीतरी चुकलं असणार."

त्यानंतर तीन दिवस होते ते. खारे, तीन दिवस ते स्वतःची चूक शोधत होते. मध्येच मला विचारायचे, "तिला शाळेच्या सहलीला पाठवलं नव्हतं, ते असेल का रे?" "तिची सायकल विकली, ते?" मी शेजारी बसून होतो. तू स्वयंपाकघरात होतीस. दहा पावलांवर.

मी उठलो नाही.

आजोबा पंधरा वर्षांचे असताना कारकुनापुढे उभे राहिले. मला सत्तर वर्षं लागली, आणि तेही कागदाच्या आडून.

माझ्यावर राग धर. तो तुझ्या हक्काचा आहे. इतकी वर्षं तो चुकीच्या पत्त्यावर जात होता. मी माफी मागत नाही, कारण तू मायाळू आहेस, देऊन टाकशील, आणि मी परत सुटेन. मागणं एकच आहे: बाबांवरचा राग काढून घे. ते गेले तेव्हा तुझ्याकडून काय चुकलं हे नाही, स्वतःकडून काय चुकलं हे शोधत गेले. आणि त्यांच्याकडून काही चुकलं नव्हतं.

वंशावळीत मोजणीदादाने तुझी चौकट काढलीय. मी सांगायच्या आधीच काढलीय, म्हणजे बघ. व्यवसायाचा रकाना मी कोरा ठेवायला सांगितलाय. तिथे काय लिहायचं ते दुसऱ्या कुणी सांगायचं नाही, मी तर नाहीच.

या पत्राचं उत्तर आलं नाही तर मी वाट बघणार नाही असं लिहिणार होतो. पण खोटं बोलणं आता बंद केलंय. बघेन.

खाली नेहमी 'तुझा' लिहितो. आज तो शब्द लिहायला धजत नाही. तुला वाटलं तर तू मला तो परत दे.

दादा